चव वडीची, आवड खाणाऱ्याची

फिलिपाइन्समध्ये गल्लोगल्ली सारी-सारी नावाची छोटी किराणा दुकानं असतात. राहत्या घराच्याच पुढच्या भागात थाटलेली, समोर जाळी, जाळीमागे बरण्या आणि लटकवलेल्या पुड्या. तिथे बऱ्याच वस्तू सुट्या मिळतात. या सुट्या विक्रीला तिथे तिंगी म्हणतात. याच बरण्यांत शेंगदाण्याच्या चॉकलेटच्या दोन छोट्या वड्या कित्येक वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आहेत. एकीचं नाव चॉकनट, दुसरीचं हॅनी. भाजलेला शेंगदाणा, साखर, दूध पावडर आणि कोको ही सामग्री दोन्हींची जवळपास एकच, आकारही उन्नीस-बीस. तरी या दोहोंत सरस कोणती, यावर फिलिपिनो माणसं मनापासून वाद घालतात आणि तो वाद बहुतेक वेळा एकाच वाक्यावर मिटवला जातो : ज्याची त्याची आवड. हे वाक्य समंजस वाटतं, कारण त्यानं कोणीच दुखावत नाही. पण ते खरं आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानातला जुना आणि अवघड प्रश्न आहे, आणि तो सोडवायला मोठ्या कलाकृतीपेक्षा अशी एक स्वस्तातली वडीच अधिक उपयोगी पडते. कलाकृतीभोवती कीर्तीचं, अभ्यासाचं, किमतीचं वलय असतं. वडीभोवती काही नसतं. ती असते आणि जीभ असते. माझं म्हणणं असं की वडीच्या चवीबद्दल बरोबर आणि चूक असं बोलता येतं, आणि ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतं.

विरुद्ध बाजूला उभा असलेला माणूस साधासुधा नाही. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं 1790 साली लिहिलेल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेत सुखद आणि सुंदर यांच्यामध्ये रेघ ओढली. सुंदर म्हणताना आपण सगळ्यांच्या वतीनं बोलतो, इतरांनीही मान्य करावं अशी अपेक्षा धरतो. जिभेला जे सुखद लागतं त्याबद्दल मात्र तसा दावा करता येत नाही. कॅनरी बेटांची मदिरा छान आहे असं म्हणणाऱ्यानं खरं तर ‘मला छान लागते’ असं म्हणायला हवं, असं तो सांगतो. ही रेघ मान्य केली तर चॉकनट आणि हॅनी यांवरचा वाद हा वादच उरत नाही. दोन माणसं आपापल्या जिभेची खबर देत आहेत, एवढंच होतं. आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, म्हणजे नैयायिकांनी, मात्र सुरुवातच दुसरीकडून केली. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रस हा जिभेनं कळणारा गुण आहे आणि तो द्रव्यात राहतो. पृथ्वीत सहाही रस, पाण्यात फक्त मधुर. त्यांचं द्रव्यशास्त्र आज कोणी स्वीकारणार नाही, पण त्यांनी प्रश्न जिथे ठेवला ती जागा मला बरोबर वाटते. रस वस्तूचा, आणि त्याची रुची असणं-नसणं माणसाचं. मराठीत हा भेद रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. चव भाजीची असते, आवड आपली असते. ‘भाजीला चव नाही’ आणि ‘मला ही भाजी आवडत नाही’ या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही हे लहान मूलही जाणतं, आणि पहिलं वाक्य ऐकून स्वयंपाक करणारी व्यक्ती दुखावते, दुसरं ऐकून तितकी नाही. कांटनं जिभेच्या सगळ्या बोलण्याला दुसऱ्या वाक्याच्या खात्यात टाकलं. तिथे त्याचं चुकलं.

आता वडीकडे येऊ, कारण पुरावा तिच्यात आहे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि ते तेल नेहमीच्या तापमानाला पातळच राहतं. कोकोचं लोणी मात्र घट्ट असतं आणि साधारण 34 अंश सेल्सियसला, म्हणजे तोंडातल्या उबेच्या किंचित खाली, वितळतं. युरोपी पद्धतीच्या मिल्क चॉकलेटचं सगळं सुख या एका गोष्टीवर उभं आहे : तुकडा तोंडात ठेवला की तो पाघळतो आणि जिभेवर गुळगुळीत थर पसरतो. चॉकनट पाघळत नाही. ती मुळात दाण्याचं कूट, साखर आणि दुधाची भुकटी दाबून बसवलेली वडी आहे. कोको तिच्यात रंगाला आणि किंचित कडसरपणाला आहे. दात लागताच ती भुगा होते, पुष्कळदा कागद उलगडतानाच होते, आणि मग तो भुगा लाळ शोषून घेत हळूहळू दाट लापशीसारखा होतो. दाण्याचा खमंगपणा जिभेवर नाही, घशामागून नाकात चढतो. हॅनीची घडणही याच जातीची आहे. तिच्या बाजूचे लोक तिच्या दुधाळ गोडीचं आणि मऊपणाचं कौतुक करतात. चॉकनटच्या बाजूचे लोक दाण्याचं आणि कोकोचं नाव आधी घेतात. ज्या देशात वर्षभर उकाडा आणि दमट हवा असते, जिथे कोकोच्या लोण्याचं चॉकलेट जाळीमागच्या बरणीत दुपारपर्यंत आकार सोडतं, तिथे न पाघळणारी ही घडण टिकाऊ ठरते. आणि त्या घडणीतूनच तिची चव आली आहे.

या वर्णनातला एकही शब्द ‘मला आवडतं’ असा नाही, हे ध्यानात घ्यावं. भुसभुशीत, खमंग, दुधाळ, कडसर, रवाळ, गोडमिट्ट हे सगळे शब्द वडीबद्दल आहेत आणि ते तपासून पाहता येतात. खाद्यपदार्थांची शास्त्रीय परीक्षा करणाऱ्यांनी हा भेद पद्धतीतच बसवला आहे. त्यांच्या एका चाचणीत परीक्षकापुढे तीन नमुने ठेवतात, त्यांतले दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानं तीनपैकी एकदा बरोबर येईल. पुष्कळ माणसं त्याहून बऱ्याच जास्त वेळा बरोबर ओळखत असतील तर फरक पदार्थात आहे, हे सिद्ध झालं, मग परीक्षकांना त्यांतला कोणताही आवडो वा न आवडो. आवड मोजायची पट्टी निराळी. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकन लष्करासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी सैनिकांच्या खाण्यासाठी 9 पायऱ्यांची पट्टी तयार केली, ‘अतिशय आवडलं’पासून ‘अतिशय नावडलं’पर्यंत, आणि ती आजही वापरात आहे. ही दोन मोजमापं एकमेकांत मिसळायची नाहीत, हा त्या शास्त्राचा पहिला धडा आहे. तत्त्वज्ञानात जी गल्लत अजून चालते ती प्रयोगशाळेत चालवून घेत नाहीत.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1757 च्या आपल्या निबंधात ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली एक गोष्ट सांगितली आहे. त्यातल्या सांचो या पात्राच्या दोन नातलगांना पिंपातल्या मदिरेची परीक्षा करायला सांगितलं. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास लागतो. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाचा. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. गोष्ट मोलाची आहे, पण ह्यूमनं तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो. त्याचा भर जाणकारांच्या नाजूक जिभेवर आहे, आणि चांगलं काय ते अखेर अशा जाणकारांच्या एकमतानं ठरतं असं तो म्हणतो. किल्ली मात्र जाणकारांच्या एकमतानं पिंपात पडली नव्हती. ती आधीपासून तिथे होती. जाणकार नसते तरी मदिरेला लोखंडाची चव असतीच, फक्त ती कोणी सांगितली नसती.

यावर पहिला आक्षेप शरीराचा. माणसांच्या जिभा एकसारख्या नाहीत. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका द्रव्याची पूड हवेत उडाली; सहकाऱ्याला ती कडू लागली, त्याला स्वतःला बेचव. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचं दिसून आलं. तेव्हा कोकोचा कडसरपणा कोणाला जास्त लागेल, कोणाला कमी, हे कबूल करायलाच हवं. पण यातून चव वस्तूत नसते असं निघत नाही. काहींना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही म्हणून आपण सिग्नलला रंग नसतो असं म्हणत नाही. उलट, त्या दोघांच्या जिभांमध्ये फरक आहे हे शोधता आलं ते समोरचं द्रव्य एकच होतं म्हणूनच.

दुसरा आक्षेप स्मृतीचा, आणि तो जास्त खोल जातो. लाखो फिलिपिनो माणसं देशाबाहेर कष्ट करतात. आखाती शहरांत मराठी माणसांच्या शेजारी तीच राहतात, मालवाहू जहाजांवर मराठी खलाशांबरोबर तीच असतात. गावाहून येणाऱ्यानं घरच्यांसाठी, मित्रांसाठी खाऊ आणायचा, याला तिथे पासालुबोंग म्हणतात, आणि त्या पिशवीत ही वडी पुष्कळदा असते. मग आक्षेपक विचारतो : ती खाताना माणूस शेंगदाणा चाखतो की शाळेच्या वाटेवरचं दुकान? चव म्हणून तो जे सांगतो ते बालपणच नाही का? यातला अर्धा भाग खरा आहे. आवडीत स्मृतीचा वाटा मोठा असतो, आणि तो असायलाही हवा. घरापासून दूर असलेल्या माणसाच्या या ओढीला केवळ भावविवशता म्हणून बाजूला सारणं मला कठोर वाटतं. पण स्मृतीला टांगायला खुंटी लागते. कुठलीही गोड गोळी बालपण परत आणत नाही. तीच आणते, जिची चव ओळखता येते. आणि हीच माणसं एखाद्या दिवशी म्हणतात की आता ती पूर्वीसारखी राहिली नाही. या तक्रारीचा अर्थ काय? स्मृतीच सगळं करत असती तर वडी बदलली तरी चव तशीच लागली असती. तक्रार होते, कारण आठवणीतली चव आणि तोंडातली चव जुळत नाहीत. म्हणजे आठवण इथे साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. साक्षीदार चुकू शकतो, पण ज्याच्याबद्दल साक्ष द्यायची ते त्याच्या बाहेरच असतं. शिवाय, एकाच दुकानातून दोन्ही वड्या घेऊन वाढलेली भावंडंही यांवरून भांडतात. बालपण एक असून कौल दोन.

आता तो आक्षेप, ज्याला उत्तर देताना या सगळ्या प्रश्नाचं वजन कळतं. चवीचे निकष म्हणजे वरच्या थरानं खालच्यांवर लादलेली मोजपट्टी, असं पिएर बोर्दिअ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1979 च्या आपल्या ग्रंथात मोठा पुरावा गोळा करून मांडलं. फिलिपाइन्समध्ये हा आक्षेप तर इतिहासातूनच बोलतो. शेंगदाणा आणि काकाओ दोन्ही तिथे स्पॅनिश राजवटीत, मेक्सिकोतल्या अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये 1565 पासून 1815 पर्यंत ये-जा करणाऱ्या गलबतांच्या मार्गानं आले. शेंगदाण्याचं टागालोग नाव ‘मानी’ हेसुद्धा कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा शब्द, स्पॅनिशमधून आलेला. चॉकलेट हे आधी पाद्र्यांचं आणि प्रतिष्ठितांचं पेय होतं. होसे रिझालच्या 1887 सालच्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत पाद्र्याच्या घरच्या चॉकलेटचे दोन प्रकार येतात : मान्यवर पाहुणा आला की नोकराला एका खुणेच्या उच्चारात दाट चॉकलेट करायला सांगायचं, सामान्य माणूस आला की दुसऱ्या उच्चारात पातळ पाणचट. ‘त्सोकोलाते एह’ आणि ‘त्सोकोलाते आह’ हे शब्द तिथे आजही सगळ्यांच्या तोंडी आहेत. अशा देशात आयात केलेलं, पाघळणारं चॉकलेट म्हणजे खरं चॉकलेट आणि चॉकनट म्हणजे गरिबाची नक्कल, असं कोणी म्हणालं तर त्यात जुन्या वाड्याचा आवाज ऐकू येतो. मग चवीला बरोबर-चूक लावणं म्हणजे त्या वाड्याचीच भाषा बोलणं नव्हे काय?

हा आक्षेप मी मनापासून मानतो, आणि तरी त्याचा निष्कर्ष उलटा आहे असं मला दिसतं. आयात चॉकलेटला खरं म्हणणाऱ्यानं चूक केली आहे, हे आपल्याला सांगायचं आहे ना? मग चूक कशाच्या आधारानं? सगळी चव म्हणजे निव्वळ आवड असेल तर त्याला त्याची आवड आहे, गल्लीतल्या मुलाला त्याची, आणि कोणाचंच काही चुकलेलं नाही. मानहानी झाली असं म्हणायलाही मग जागा उरत नाही. त्याची चूक दाखवता येते ती अशी : त्यानं भाकरीला पोळीच्या मापानं मोजलं. भाकरी पोळीसारखी मऊ सुटत नाही म्हणून ती कमअस्सल, असं म्हणणाऱ्याला भाकरी म्हणजे काय तेच कळलेलं नसतं. चॉकनट ही वितळणाऱ्या चॉकलेटची फसलेली आवृत्ती नाही. तिचे सगेसोयरे वेगळे आहेत : भाजलेलं पीठ, दूध पावडर, साखर आणि लोणी दाबून केलेला पोल्वोरॉन, दाण्याची पानुत्सा नावाची गुळासारख्या साखरेतली चिक्की, पाम्पांगा प्रांतात दाण्याचं कूट घालून घुसळलेलं गरम चॉकलेट. या घराण्यात भुगा होणं हा दोष नाही, ती अट आहे. दाण्यानं पुढे असायचं आणि कोकोनं मागून यायचं, हा तिथला क्रम. आपल्या दाण्याच्या लाडवाला कोणी खव्याच्या पेढ्याचा मऊपणा मागत नाही. प्रत्येक जातीचा निकष त्या जातीतून काढला की वाड्याची मोजपट्टी गळून पडते, पण मोजणं गळून पडत नाही. म्हणून गरिबाच्या खाऊचा मान राखायचा असेल तर ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य उपयोगाचं नाही. ते दयेनं बरोबरीची जागा देतं. त्या खाऊला हवी आहे ती परीक्षा, नीट, त्याच्या अटींवर घेतलेली.

अशी परीक्षा घ्यायला लागणारी भाषा त्या लोकांकडे पूर्वीपासून आहे. टागालोगमध्ये ‘लिनामनाम’ म्हणजे तोंडभर रेंगाळणारी रुचकर चव, आणि ‘उमाय’ म्हणजे त्याच दाट, गोड किंवा तुपकट चवीनं तोंड मारल्यासारखं होणं. हा दुसरा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिला घास आवडलेला असतानाही चौथ्या घासाला उमाय येतो. म्हणजे ही भाषा पहिल्या आवडीवर थांबत नाही, पदार्थ शेवटपर्यंत काय करतो ते पाहते. शेंगदाणा, नूगा आणि कॅरॅमलवर चॉकलेटचा थर चढवलेला क्लाउड नाइन हा बार पहिल्या घासाला जोरदार लागतो. त्याची गोडी थरांवर थरांची आहे, आणि चिकटपणा ती दातांपाशी धरून ठेवतो. तो वेगळ्या जातीचा असल्यामुळे त्याची तुलना या वड्यांशी करणं योग्य नाही, पण उमाय म्हणजे काय ते त्याच्यामुळे चटकन समजतं.

एक आक्षेप धर्माकडून येतो. जिभेच्या इतक्या बारीक चिकित्सेत शिरावं का? कॅथलिक धर्मचिंतक थॉमस अक्वायनसनं अधाशीपणाचे जे प्रकार सांगितले त्यांत अन्नाबद्दल फार चोखंदळ असणं हाही एक आहे, आणि फिलिपाइन्स हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश आहे. आपल्याकडे गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्वाद हे व्रत म्हणून मांडलं : अन्न औषधासारखं, शरीराला हवं म्हणून घ्यावं. या विचाराचा मला आदर आहे आणि त्याची कठोरताही समजते. पण दोघांचा रोख वासनेवर आहे. अमुकच हवं, आणखी हवं, या मागणीवर. चव ओळखणं ही मागणी नाही, ते लक्ष देणं आहे. अधाशी माणूस चव सांगू शकत नाही, कारण तो पुढच्या घासाकडे पाहत असतो. ज्याला आपली आवड बाजूला ठेवून ‘ही वडी मला कमी आवडते, पण हिच्यात दाणा अधिक नीट भाजलेला आहे’ असं म्हणता येतं, त्यानं जिभेच्या हट्टापासून एक पाऊल मागे घेतलेलं असतं. व्रताला याहून वेगळं काय हवं? शिवाय त्या वडीत कोणाचे तरी कष्ट आहेत. दाणा भाजताना कोणीतरी तो करपू दिलेला नाही. तो फरक न ओळखता गिळून टाकणं ही विरक्ती नव्हे.

मग निकाल काय? दाण्याच्या चॉकलेट-वडीत दाणा आधी लागावा, कोकोनं गोडीला आवर घालावा, दुधानं दोघांना जोडावं पण झाकू नये, आणि तिसऱ्या-चौथ्या वडीलाही उमाय येऊ नये, एवढ्या अटी मान्य असतील तर माझा कौल चॉकनटला आहे. हॅनीची दुधाळ गोडी तोंडात सुखाची लागते, आणि दुधाला पहिला मान द्यायचा असेल तर तीच सरस ठरेल. पण मग वाद दुधाच्या मिठाईचा होईल, दाण्याचा नाही. दोन्ही वड्या कधी हाती आल्या तर चॉकनट आधी खा, कारण गोड वस्तूनंतर कमी गोड वस्तू आहे त्याहून फिकी लागते. मध्ये पाणी प्या. मग हॅनी खा, आणि माझं चुकलं असं वाटलं तर कुठे चुकलं ते सांगा.